बेडपासून बाथरूमपर्यंत

मागच्या वर्षी आम्ही ऑफिसमधले काही जण दिव्यांग मुलांच्या एका निवासी शाळेत गेलो होतो. मोठा टीव्ही द्यायचं ठरलं होतं. व्हीलचेअरवरच्या एका मुलाला सहज विचारलं, "तुला काय हवंय?" तो म्हणाला, "दादा, मी संध्याकाळनंतर पाणीच पीत नाही. बाथरूमला पायरी आहे, रात्री कुणाला तरी उठवावं लागतं."

गेटपाशी रॅम्प होता. बाथरूमच्या दारात मात्र ६ इंचांची पायरी! हिशोब सोपा आहे: १ इंच उंचीला किमान १२ इंच लांबी, म्हणजे इथे ६ फुटांचा रॅम्प. शिवाय व्हीलचेअर जाईल एवढं रुंद दार, कमोडशेजारी धरायला दांडा, बसून हात पोचेल असं दिव्याचं बटण. टीव्हीचे पैसे आम्ही तिथे लावले.

आणि हे उपकार नाहीत बरं का. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार मान्यताप्राप्त शाळेतल्या सोयी या मुलांना वापरता यायलाच हव्यात.

तुम्ही देणगी द्यायला जाल तेव्हा आधी मुलांना विचारा. मग व्हीलचेअरवर बसून बेडपासून बाथरूमपर्यंत जाऊन बघा. जिथे अडाल, तिथे पैसे लावा. भेटू पुढच्या भागात!