कालदर्शक ध्वनि आणि त्याचे हौशी उपासक



ज्या केंद्राविषयीं मी आज बोलणार आहें, तेथें गायन होत नाहीं, नाटक होत नाहीं, बातम्याही दिल्या जात नाहींत. तेथें अहोरात्र एकच काम चालतें : दर सेकंदाला एक ठोका द्यावयाचा आणि मिनिट भरलें म्हणजे किती वाजले तें सांगावयाचें. इतकें नीरस बोलणाऱ्याच्या वाढदिवसास शेंकडों माणसांनीं हौसेनें धांवून यावें, हें आपणांस चमत्कारिक वाटेल. परंतु २०१९ सालीं अमेरिकेंतील कोलोरॅडो संस्थानांत असा सोहळा खरोखरच झाला. त्याची हकीकत सांगण्यापूर्वी थोडी प्रस्तावना करणें अवश्य आहे.

मी आजऱ्याचा एक निवृत्त शाळामास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. विद्युच्छास्त्र किंवा ज्योतिःशास्त्र यांत माझा अधिकार नाहीं. अडतीस वर्षें शाळेची घंटा ज्याच्या हातीं होती त्याला वेळेची जी किंमत कळते, तेवढेंच माझें भांडवल. आणि ती किंमत मला फुकट कळली नाहीं.

आपल्या पूर्वजांचें काळ मोजण्याचें साधन म्हणजे घटिकापात्र. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडावी. ती भरून बुडाली कीं एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटें, झाली. अशा साठ घटिका म्हणजे एक दिवसरात्र. लग्नघरीं जोशीबुवा त्या वाटीवर डोळा ठेवून मुहूर्त साधीत. गांवापुरतें हें साधन पुरेसें होतें, कारण प्रत्येक गांवाचा मध्यान्ह त्या गांवचा सूर्य ठरवी. आजऱ्याच्या डोक्यावर सूर्य येतो तेव्हां कलकत्त्यास तो केव्हांच कललेला असतो. पण त्यामुळें कोणाचें कांहीं अडत नसे. अडूं लागलें तें आगबोट, आगगाडी आणि तारायंत्र आल्यावर.

आगबोटीचें उदाहरण घ्या. भर समुद्रांत आपण किती रेखांशावर आहों हें कप्तान आपल्याजवळील क्रोनोमीटर घड्याळावरून काढी. त्या घड्याळांत चार सेकंदांची चूक पडली तर विषुववृत्तावर जहाजाचें स्थान एक सागरी मैल चुकतें. आणि खडकावर आपटण्यास एक मैल पुष्कळ झाला! म्हणून मुंबई बंदरांत ठरलेल्या क्षणीं उंचावरून एक मोठा गोळा खालीं सोडीत. त्याचा इशारा कुलाब्याच्या वेधशाळेंतून तारेनें येई, आणि जहाजावरचे अधिकारी त्यावरून आपलीं घड्याळें पडताळून घेत. गोळा पडला कीं वेळ कळली. आजच्या कालदर्शक ध्वनीचा तो मूक पूर्वजच म्हणावयाचा.

पुढें कोणती वेळ खरी मानावी यावरच वाद माजले. १८८१ सालीं गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनीं मुंबईस सरकारी कामाकरितां मद्रासची वेळ लागू केली. लोकांनीं ती मनापासून स्वीकारली नाहीं आणि दोन वर्षांत तो हुकूम मागें घ्यावा लागला. १ जानेवारी १९०६ पासून ग्रीनिचच्या साडेपांच तास पुढें असलेली प्रमाण वेळ देशांत सुरू झाली, तेव्हांही मुंबईकर अडून बसले. मुंबईची स्थानिक वेळ या नव्या वेळेच्या एकोणचाळीस मिनिटें मागें. मुंबईच्या नगरपालिकेनें ती जुनी वेळ कित्येक दशकें सोडली नाहीं.

आमच्या आजऱ्याचीही गोष्ट तीच आहे. मी मुलांकडून शाळेच्या अंगणांत एक काठी रोवून घेत असें. सावली सर्वांत आंखूड होई ती घड्याळांतल्या बाराला नव्हे, तर सरासरीनें बारा वाजून तेहेतीस मिनिटांनीं. मुलें गोंधळत. मग सांगावें कीं, बाळांनो, प्रमाण वेळेची रेषा प्रयागराजच्या बाजूला ८२॥ रेखांशावर आहे. आपण तिच्या सव्वाआठ अंश पश्चिमेस. सूर्याला एक अंश ओलांडण्यास चार मिनिटें लागतात. आतां गुणाकार करा! गुणाकार जमला कीं मुलांच्या तोंडावर जो आनंद दिसे तो सांगतां येणार नाहीं. या खटाटोपाचें तात्पर्य एवढेंच कीं, घड्याळ आपण होऊन वेळ जाणत नाहीं. कोणी तरी विश्वासूनें ती त्याला वरचेवर सांगावी लागते.

हें तात्पर्य मी मुलांना शिकवीत होतों, पण स्वतः विसरलों. १९८१ सालची गोष्ट. मी डोंगराकडच्या एका वाडीवरील शाळेंत होतों. भिंतीवरचें किल्लीचें घड्याळ रोज दोन मिनिटें मागें पडे. आकाशवाणीच्या सकाळच्या बातम्यांआधीं जे ठोके वाजतात, त्यांवर मी तें लावून घेत असें. पावसानें सर्दावून रेडिओचे सेल गेले. नवे आणण्यास तालुक्याला जावें लागे. आज जाऊं, उद्यां जाऊं, म्हणतां आठ दिवस लोटले. नवव्या दिवशीं सातवीच्या एका मुलास शिष्यवृत्तीच्या परीक्षेला न्यावयाचें होतें. आम्ही घड्याळाप्रमाणें वेळेवर निघालों आणि सडकेला लागलों तेव्हां एस्. टी. वळणापलीकडे जातांना दिसली. दुसरें वाहन नव्हतें. आम्ही चालत गेलों. केंद्रावर पोंचलों तेव्हां पहिला पेपर संपत आला होता.

मुलगा रडला नाहीं. परततांना त्यानें एवढेंच विचारलें, "गुरुजी, आपलं घड्याळ मागं हुतं काय?" मीं होय म्हणून सांगितलें. हायस्कुलांत जाण्यास त्याला त्या शिष्यवृत्तीचाच आधार होता. पुढच्या जून महिन्यांत तो मला म्हशींमागें दिसला. त्यानें हात जोडले. मला मात्र मान वर करवेना. बापाला भेटून फीचें मी बघतों म्हणून सांगितलें, पण तोंवर घरानें त्याचें काम ठरवून टाकलें होतें. सोळा मिनिटांचा तो हिशेब मला पुढें कधींच चुकतां करतां आला नाहीं.

त्यानंतर मीं लघुलहरी घेणारा एक रेडिओ घेतला. कोल्हापूरकडील माझे एक स्नेही बिनतारी संदेशांचे हौशी होते. त्यांनीं मला दहा मेगॅसायकलची जागा दाखविली. तेथें दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचें 'ए टी ए' हें कालदर्शक केंद्र लागे. टक्, टक्, टक्, सेकंदाला एक ठोका! दिल्लीहून आजरा सुमारें चौदाशें किलोमीटर. पण बिनतारी लहर सेकंदाला तीन लक्ष किलोमीटर धांवते, तेव्हां तो ठोका माझ्या कानीं येण्यास सेकंदाचा सुमारें दोनशेंवा भाग पुरे. त्या दिवसापासून शाळेची घंटा दिल्लीच्या ठोक्यावर होऊं लागली.

स्नेह्यांनीं मला आणखी एक गंमत दाखविली. त्यांस या केंद्राचा उपयोग केवळ वेळेसाठीं नव्हता. अशीं केंद्रें ज्या लहरीवर बोलतात ती लहरही अत्यंत नेमकी असते. हौशी मनुष्य आपल्या यंत्राची लहर तिच्याशीं जुळवून पाहतो. दोन्हींत किंचित् फरक असला तर आवाज हेलकावे खातो. फरक कमी होत जाईल तसे हेलकावे मंद होतात आणि पूर्ण जुळणी झाली कीं थांबतात. तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा जुळवितांना आपले गवई कान देऊन हेंच ऐकतात. शिवाय, दूरचें केंद्र स्पष्ट ऐकूं आलें तर त्या दिशेचा आकाशमार्ग मोकळा आहे, असेंही हौशांना कळतें.

अमेरिकेंतील 'डब्ल्यू डब्ल्यू व्ही' हें केंद्र या सर्वांत वडील. तेथील सरकारी मानक-संस्थेला हें संकेतनाम १९१९ च्या ऑक्टोबरांत मिळालें. आरंभीं प्रयोग म्हणून तेथून गाणींबजावणींही झालीं. १९२३ पासून प्रमाण लहरी देणें हें त्याचें काम ठरलें. ठोके आणि तोंडी वेळ सांगणें पुढें आलें. सेकंदाला ४४० कंपनांचा प्रमाण स्वर देण्याचीही सोय झाली. वाद्यें लावणारांस तो उपयोगी. १९४० सालीं केंद्राची इमारत आगींत सांपडली, पण काम फिरून सुरू झालें. १९६६ च्या डिसेंबरांत तें कोलोरॅडोंतील फोर्ट कॉलिन्सजवळ गेलें आणि आजही तेथेंच आहे.

२०१८ सालीं काटकसरीच्या एका सरकारी प्रस्तावांत हें केंद्र बंद करावें असें सुचविलें गेलें. आतां वेळ संगणकावर मिळते, मग ठोके कशाला, हा सरळ व्यवहारी प्रश्न होता. पण हौशी मंडळींनीं अर्ज केले, पत्रें लिहिलीं, लोकप्रतिनिधींना गांठलें. केंद्र वांचलें. दुसऱ्याच वर्षीं त्याला शंभर वर्षें पुरीं होत होतीं. मग आसपासच्या हौशी मंडळांनीं केंद्राच्या शेजारीं आपले आकाशतार उभारले, सरकारकडून खास संकेतनाम मागून घेतलें, आणि सप्टेंबरच्या अखेरीपासून १ ऑक्टोबर २०१९ च्या शतकदिनापर्यंत व त्यानंतरच्या दिवशींही रात्रंदिवस पाळ्या लावून दूरदूरच्या हौशांशीं संभाषणें केलीं. अशा भेटीची खूण म्हणून हौशी लोक एकमेकांस कार्ड पाठवितात. कोणाचा पुतळा नाहीं, कोणाची मिरवणूक नाहीं. एका ठोक्याबद्दलची ही कृतज्ञता.

आपल्याकडेही या हौशीचा इतिहास लहान नाहीं. १९२१ सालीं कलकत्त्यास अमरेंद्रचंद्र गुप्त यांनीं परवाना घेऊन यंत्र चालविलें, आणि १९२३ च्या जूनमध्यें मुंबईच्या रेडिओ क्लबानें ध्वनिक्षेपण केलें, तेव्हां सरकारी नभोवाणीचा जन्मही झाला नव्हता. २००४ च्या डिसेंबरांत अंदमानावर समुद्र चढून आला त्या वेळीं श्रीमती भारती प्रसाद या हौशी यंत्रचालिका पोर्ट ब्लेअरला होत्या. इतर मार्ग तुटले असतां त्यांच्या यंत्रावरून कित्येक कुटुंबांना आपल्या माणसांची खुशाली कळली.

आणि आपलें 'ए टी ए'? तें आतां बंद झालें आहे. राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांवर देशाची प्रमाण वेळ आजही राखते आणि ती इतर मार्गांनीं लोकांपर्यंत पोंचते. तेव्हां तक्रारीला फारशी जागा नाहीं. परंतु एके रात्रीं मीं दहा मेगॅसायकलवर कांटा आणला आणि तेथें नुसती खरखर ऐकूं आली, तेव्हां मला चुटपुट लागली. ज्या आवाजानें माझी शाळा इतकीं वर्षें चालविली, त्याला एक ओळीचें कार्डही मीं कधीं पाठविलें नव्हतें. तो गेला हेंसुद्धां मला महिन्यांनीं कळलें.

म्हणून तरुण श्रोत्यांस माझें एक सांगणें आहे. हौशी बिनतारीचा परवाना आपल्या देशांत बारा वर्षांच्या मुलालाही परीक्षा देऊन मिळूं शकतो. आमच्या भागांत पावसाळ्यांत वीज जाते, तिच्यामागोमाग मोबाईलचा मनोराही मुका होतो. अशा वेळीं गांवांत एक जाणता हौशी असणें केवढ्या उपयोगाचें! आणि ज्यांना हें जमणार नाहीं, त्यांनीं निदान मुकाट्यानें राबणाऱ्याची आठवण ठेवावी. पहाटेची पहिली एस्. टी. वेळेवर सोडणारा, पाण्याची चावी ठरल्या वेळीं फिरविणारा, शाळेची घंटा देणारा शिपाई : त्यांचें काम बिनचूक असतें तोंवर तें आपल्या ध्यानींही येत नाहीं. त्यांना आजच दोन शब्द बोलावे. उद्यां खरखर ऐकूं आल्यावर बोलून काय उपयोग?

माझी वेळ संपत आली. ती कोणी तरी नेमकी मोजीत आहे, याबद्दल त्याचेही आभार मानतों.