काशीतले दोन दिवस

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील काशी-सहलीच्या पहिल्या सायंकाळी दूधविनायक येथे केलेले भाषण)



शनिवार आणि रविवार एवढ्या दोन दिवसांत काशीचा वारसा पाहावयाचा व काशीचे पदार्थही चाखावयाचे, तेव्हा कार्यक्रम आखून द्यावा, असे आपल्या चिटणिसांचे पत्र आले, तेव्हा आम्हांस प्रथम हसू आले हे प्रांजळपणे सांगतो. आमच्या लहानपणी काशीस येणारा मराठी माणूस येथे खावयास येत नसे, सोडावयास येत असे. काशीत आले की आवडीचा एक पदार्थ गंगेच्या साक्षीने जन्माचा वर्ज्य करावयाचा, अशी रीत होती. आंबा सोडणारी, वांगे सोडणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. कारले सोडणारे अर्थातच अधिक. खाणे व्हावयाचे ते घरी परतल्यावर, गंगापूजनाच्या दिवशी, मावंद्याच्या पंक्तीत. आपण मावंदे आधीच उरकू पाहता, एवढाच काय तो फरक! तरीही आम्ही होकार कळविला. त्याचे कारण पुढे ओघाने येईल.

पत्रात काशीला ‘ऐतिहासिक बंदर’ म्हटले होते. समुद्र येथून दूर आहे. पण शब्द अगदीच चुकीचा नाही. आपली गाडी ज्या राजघाटच्या पुलाजवळून गेली असेल तो पूल 1887 साली खुला झाला. त्यापूर्वी पलीकडून येणारा यात्रेकरू नावेतूनच काशीत उतरे, आणि चुनारचा जो दगड आपल्या पायाखाली आहे तो नदीवाटेच आलेला. म्हणून काशीचे तोंड नदीकडे आहे. मोटारीतून येणारा पाहुणा या नगरीत मागील दाराने शिरतो. मैदागिनाहून आपण आज पायी आलात, सामान डोक्यावर आले, आणि दोन गायींनी आपणांस अडविले. हे झाले ते उत्तमच झाले.

आता वारशाविषयी. मराठ्यांची सत्ता काशीवर कधी आली नाही. पेशव्यांनी पुष्कळ मनात आणले, पण ते साधले नाही. थोरल्या बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई 1735 साली यात्रेस निघाल्या त्या परमुलखातून, वाटेवरच्या राजेरजवाड्यांचा आदर घेत. तरी सत्ता नसलेल्या या गावात मराठी माणसांनी जेवढे बांधले तेवढे सत्ता असलेल्या कित्येक गावांत बांधले नसेल. विश्वेश्वराचे आजचे देऊळ अहिल्याबाई होळकरांचे, 1780 च्या सुमाराचे. ज्ञानवापीच्या विहिरीवरचा खांबांचा मंडप ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचा, 1828 चा. बिंदुमाधवाचे हल्लीचे देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींनी उभारलेले. घाटांची गोष्ट तर विचारूच नका.

आणि दगडाच्याही आधी विद्या आली. पैठणहून आलेल्या भट्ट घराण्यातील नारायण भट्टांनी सोळाव्या शतकात विश्वेश्वराच्या पुनःस्थापनेत पुढाकार घेतला. त्यांच्या नातवाने, कमलाकर भट्टांनी, 1612 मध्ये ‘निर्णयसिंधु’ पुरा केला, जो आपल्या घरच्या पंचांगामागे अजून उभा आहे. आणि त्याच कुळातले गागाभट्ट 1674 साली रायगडावर गेले. पैठणचेच एकनाथ महाराज. त्यांच्या भागवताची समाप्ती शके 1495 च्या, म्हणजे 1573 सालच्या, कार्तिकी पौर्णिमेस याच काशीत झाली. प्राकृतात भागवत लिहिले म्हणून येथील पंडितांनी त्यांना जाब विचारला आणि शेवटी ग्रंथाची मिरवणूक काढली, अशी परंपरेची कथा आहे. तेव्हा मराठीचा एक मोठा खटला काशीत चालला आणि मराठी तो जिंकली, असे आम्ही येथील मुलांना सांगतो. मुले ऐकतात, आणि हिंदीत प्रश्न विचारतात. तेही स्वाभाविकच आहे. ‘आज’ या हिंदी दैनिकाचे थोर संपादक बाबूराव विष्णु पराडकर 1883 साली याच गावी मराठी घरात जन्मले आणि त्यांनी हिंदीला वळण लावले. त्यांच्या नावाचे स्मृतिभवन मैदागिनापाशीच आहे.

असो. कार्यक्रम सांगण्यापूर्वी आमच्या हातून झालेली एक चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी असेच एक पथक आले होते. दोन दिवसांत सतरा स्थळे, असा कागद आम्ही अभिमानाने तयार केला होता. घड्याळ हातात धरून सर्वांना पळविले. त्यांत एक वृद्ध बाई होत्या. त्या फार बोलत नसत. याच गल्लीतून जाताना त्या दोनदा थांबल्या आणि दोन्ही वेळा आम्ही, ‘आजी, चला, नाव सुटेल,’ म्हणून त्यांना पुढे घातले. रविवारी रात्री स्थानकावर त्यांनी पिशवीतून एक जुने कार्ड काढले. त्यांचे आजोबा वेद शिकावयास येथे होते. त्यांनी घरी पाठविलेले ते कार्ड, आणि वर पत्ता, ‘दूधविनायक, काशी’. घराचे वर्णनही होते : चौकात विहीर, दाराशी गणपतीचा कोनाडा. गाडी सुटावयास दहा मिनिटे होती. दुसऱ्या दिवशी आम्ही ते घर शोधून काढले. ते या वाड्यापासून साठ पावलांवर होते. चौक अर्धा पाडला होता, विहिरीवर फरशी आली होती, आणि वर प्रवाशांसाठी खोल्या बांधण्याचे काम चालू होते. कोनाडा मात्र होता. आम्ही छायाचित्र काढून पाठविले. त्यांचे दोन ओळींचे उत्तर आले. पुढच्या वर्षी तो कोनाडाही गेला.

तेव्हापासून आम्ही कार्यक्रम आखतो तो घरापासून, घाटापासून नव्हे. घाट दगडाचे आहेत, ते राहतील. या गल्ल्यांतली मराठी घरे मात्र एकेक करून मिटत आहेत. मुले पुण्याला, बंगळूरला, परदेशी गेली. वाडे विकले जातात, त्यांची अतिथिगृहे होतात. विकणाऱ्यास आम्ही दोष देत नाही. तीन मजली वाड्याचे छत गळू लागले म्हणजे वारसा या शब्दाचा अर्थ निराळा होतो.

उद्या पहाटे साडेपाचास येथून निघावयाचे. प्रथम ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट. तेथे नारायण दीक्षित पाटणकरांचे स्मरण करावे. काशीतली ही मराठी वस्ती रुजली त्यांत त्यांचा हात मोठा. नाना फडणविसांचा वाडाही तेथेच. मग पंचगंगा. अहिल्याबाईंचा दगडी दीपस्तंभ तेथे आहे. कार्तिकी पौर्णिमेस तो सगळा पेटतो. शेजारच्या बालाजीच्या देवळात बिस्मिल्ला खाँसाहेब तरुणपणी तासन् तास सनईचा रियाज करीत. मराठ्यांचे देऊळ, वैष्णव देव, आणि मुसलमान कलावंताची सनई. हे सारे एकाच पायरीवर होते. तेथे अर्धा तास नुसते बसावे, असे आम्ही कार्यक्रमात लिहिलेच आहे.

उन्हे वर येण्याच्या आत मलइयो. हा पदार्थ थंडीतच मिळतो. दूध तापवून रात्रभर उघड्या आकाशाखाली दवात ठेवतात, पहाटे घुसळून वरचा फेस काढतात, त्यात केशर-वेलदोडा घालतात, आणि मातीच्या कुल्हडात देतात. जिभेवर ठेवला की नाहीसा होतो. पदार्थ खाल्ला की खाल्ल्याचा भास झाला, याचा निर्णय करण्यासाठी दुसरा कुल्हड घ्यावा लागतो. नंतर ठठेरी बाजारात उडदाच्या पिठीची कचौडी, रस्सा आणि जिलबी. स्वातंत्र्याच्या चळवळीत तिरंगी बर्फी याच बाजारात निघाली.

चूडा-मटर हा मात्र आमच्या घरचा विषय आहे. बनारसी माणूस हिवाळ्यात तुपावर ताजे वाटाणे, आले, हिरवी मिरची परततो आणि त्यात भिजविलेले पोहे घालतो. हळद नाही, कांदा नाही. आपण म्हणाल, हे तर आपलेच पोहे. शेजारीण म्हणेल, तुमचे पोहे म्हणजे बिघडलेला चूडा. आमच्या घरी दोन्ही होतात, आणि परवा सकाळी दोन्ही एकाच पंक्तीस वाढले जातील. निर्णय आपण करावा. आम्ही तीन पिढ्या तो टाळत आलो आहोत.

उद्या दुपारचे जेवण कोणत्याही खानावळीत नाही. पाच-पाचांच्या तुकड्या करून आपण येथील मराठी घरी जेवाल. साधा वरणभात, भाजी, पुरणपोळी. यजमानांनी आग्रहाने सांगितले आहे की पैसे घेणार नाहीत. तेव्हा पाकिटे पुढे करून त्यांना संकोचात टाकू नये. त्याऐवजी त्यांच्याशी मराठीत भरपूर बोलावे. त्यांच्या बोलण्यात बनारसी शब्द येतील. हसावे, पण दुरुस्त करू नये.

जेवणानंतर वह्या. ज्यांनी आपले मूळ गाव, कुळ आणि आजोबा-पणजोबांची नावे आणली असतील त्यांनी ती रात्रीच आमच्याकडे द्यावीत. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावोगावच्या यात्रेकरूंच्या नोंदी आहेत, कित्येक मोडीत. सर्वांची सापडतील असे नाही. ज्यांची सापडेल त्यांनी खाली आपली नोंद करावयास विसरू नये.

परवा सकाळी पंचगंगेहून अस्सीपर्यंत नाव. वाटेत नागपूरकर भोसल्यांचा घाट, शिंद्यांचा घाट आणि त्याच्या पायाशी कललेले रत्नेश्वराचे देऊळ, मणिकर्णिका, पेशव्यांचा दशाश्वमेध, अहिल्याबाईंचा घाट, अमृतराव पेशव्यांचा राजाघाट, आणि शेवटी भदैनी, जेथे झाशीच्या राणीसाहेबांचा जन्म झाला. मणिकर्णिकेसमोर छायाचित्रे काढू नयेत. तेथे लोकांची माणसे जळत असतात. विश्वेश्वराचे दर्शन परत येताना. 2021 साली तेथे नवा प्रशस्त मार्ग झाला. जुन्या गल्ल्या आठवणाऱ्या आम्हांस तो अजून परका वाटतो. पण म्हाताऱ्या माणसांना दर्शन सुकर झाले हे नाकारता येत नाही. अन्नपूर्णेचे दर्शन चुकवू नये. खाण्यासाठी आलेल्या पथकाने तर नाहीच नाही.

रविवारी दुपारी तीन ते सहा या वेळापुढे कागदावर काहीच लिहिलेले नाही. काही सभासदांनी तेथे सारनाथ घालावे असे सुचविले. सारनाथ थोर आहे; त्यास स्वतंत्र दिवस द्यावा. हे तीन तास ज्याच्या पिशवीत एखादे जुने कार्ड असेल त्याच्यासाठी आहेत. ज्याच्याकडे नसेल त्याने पान खावे आणि ओट्यावर बसावे.

थंडी बरीच आहे, तेव्हा शाल घ्यावी; घाटाच्या पायऱ्या दवाने निसरड्या असतात, म्हणून चपला जपून. पावणेसहाला ब्रह्माघाटावर दिवा घेऊन आमचा पुतण्या उभा असेल. मलइयोवाला साडेआठला टोपली उचलतो. तो कोणाच्याही सुवर्णमहोत्सवासाठी थांबत नाही.