सुरक्षित, पण कुणासाठी?

(स्त्री-कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समलिंगी व्यक्तींनी परदेशात फिरायला कुठे जावं, हा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून काहीजणींच्या भुवया उंचावल्या असतील. रेशन, पाणी, हुंडा, मारहाण हे प्रश्न समोर उभे असताना हे श्रीमंती चोचले कशाला, असंही वाटलं असेल. शंका रास्त आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

बाईनं कुठे जावं, कुणाबरोबर जावं, किती वाजेपर्यंत बाहेर राहावं, हे तिचं तिनं ठरवावं, ही आपल्या चळवळीची जुनी मागणी आहे. आज नर्स, शिक्षिका, बँकेत किंवा कॉम्प्युटर कंपनीत नोकरी करणाऱ्या मुली स्वतःच्या पैशानं प्रवास करतात. त्यांच्यातल्या काहीजणी एकमेकींच्या जोडीदार आहेत. घरमालकाला त्या 'मावसबहिणी' म्हणून माहीत असतात, ऑफिसात 'रूममेट' म्हणून. वर्षातून आठ दिवस तरी हे सोंग उतरवून ठेवावं असं त्यांना वाटतं. समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो, 'ताई, आम्ही दोघींनी कुठे जावं?' ट्रॅव्हल एजंटला हे विचारता येत नाही, घरी तर नाहीच. मग निदान आपल्या गटांकडे तरी उत्तर असायला नको का?

नेहमीचं उत्तर म्हणजे देशांची यादी. अमुक देश सुरक्षित, तमुक देश धोक्याचा. अशी यादी बहुतेक वेळा कायद्यावरून केलेली असते. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी कलम ३७७ मधून प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना वगळलं. जगात आजही साठहून अधिक देशांत असे संबंध गुन्हा आहेत. तेव्हा कायदा पाहायलाच हवा. पण ही यादी हातात घेतल्यावर आपण स्त्रीवादी बायकांनी एक प्रश्न विचारायचा. सुरक्षित म्हणजे कुणासाठी?

यातले बरेच कायदे ब्रिटिशांनी वसाहतींना दिलेले आहेत आणि ते लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर पुरुष होते. सिंगापूरचं कलम ३७७-ए फक्त पुरुषांना लागू होतं. तिथल्या संसदेनं ते २०२२ मध्ये रद्द केलं. श्रीलंकेत मात्र उलट झालं. तिथल्या जुन्या कलमात 'पुरुष' असा शब्द होता. १९९५ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा तो काढून 'व्यक्ती' हा शब्द घातला गेला आणि तोवर कायद्याच्या बाहेर असलेल्या बायका गुन्हेगार ठरल्या. समानता अशीही येते! म्हणून 'गुन्हा आहे' एवढं वाचून थांबायचं नाही. कुणासाठी गुन्हा आहे, कोणत्या शब्दांत, तेही पाहायचं.

आता दुसरी बाजू. कायदा उत्तम आहे, पण रस्ता? दक्षिण आफ्रिकेच्या १९९६ च्या राज्यघटनेत लैंगिक कलावरून भेदभाव करायला बंदी आहे. ३० नोव्हेंबर २००६ पासून तिथे समलिंगी विवाह कायदेशीर आहेत. केप टाऊन हे समलिंगी प्रवाशांचं जगातलं एक आवडतं शहर. आणि याच देशात एप्रिल २००८ मध्ये, जोहान्सबर्गजवळच्या क्वा-थेमा वस्तीत, युडी सिमेलाने हिच्यावर सामूहिक बलात्कार करून तिचा खून करण्यात आला. ती राष्ट्रीय महिला फुटबॉल संघातून खेळलेली होती आणि आपण लेस्बियन आहोत हे तिनं लपवलं नव्हतं. वस्तीतल्या काळ्या लेस्बियन स्त्रियांना 'सुधारण्यासाठी' बलात्कार करण्याचे प्रकार तिथल्या स्त्री-संघटनांनी पुनःपुन्हा चव्हाट्यावर आणले आहेत. समुद्रकाठच्या हॉटेलात उतरलेल्या पाहुणीचा देश आणि युडीचा देश कागदावर एकच आहे.

तुर्कस्तानात समलिंगी संबंध गुन्हा नाहीत. तरी इस्तंबूलच्या प्राइड मोर्चावर २०१५ पासून दरवर्षी बंदी घातली जाते आणि जमलेल्यांना पोलीस पकडून नेतात.

याच्या उलट मालदीव. तिथे समलिंगी संबंध पुरुषांना आणि स्त्रियांना, दोघांनाही गुन्हा आहेत. पण परदेशी पाहुण्यांची रिसॉर्टं वेगळ्या बेटांवर असतात आणि तिथे सहसा कुणी काही विचारत नाही. दोघी परत येऊन सांगतात, 'काहीच त्रास झाला नाही.' ते खरंही असतं. पण त्याच देशात विवाहबाह्य संबंधांबद्दल बायकांना फटक्यांच्या शिक्षा झाल्या आहेत. पाहुणीला मिळते ती डॉलरपुरती सवलत. ती कधी काढून घेतली जाईल, हे पाहुणीच्या हातात नसतं.

आता जो मुद्दा यादीत कुठेच सापडत नाही, त्याकडे येते. परदेशात काही घडलं तर तक्रार कोण करू शकतं, आणि फोन कुणाला जातो?

इंडोनेशियाने डिसेंबर २०२२ मध्ये नवा दंडविधान कायदा मंजूर केला; तो २ जानेवारी २०२६ पासून लागू झाला. त्यात लग्नाबाहेरचा शरीरसंबंध गुन्हा आहे. बालीला जाणाऱ्यांना धीर देताना सांगितलं जातं, 'घाबरू नका, कुणीही उठून तक्रार करू शकत नाही, फक्त नवरा-बायको, आईवडील किंवा मुलंच करू शकतात.' गोऱ्या प्रवाशाला यात दिलासा वाटत असेल. आपल्याकडची एखादी मुलगी ज्या घराच्या धाकातून आठ दिवस सुटून गेली, त्या घरालाच तिथला कायदा तक्रारीचा हक्क देतो. हे तिला माहीत असायला हवं.

दुबईचंही तसंच. आपली कितीतरी माणसं तिथे नोकरीला आहेत, त्यामुळे ते परकं वाटत नाही. २०१३ मध्ये तिथे बलात्काराची तक्रार करायला गेलेल्या नॉर्वेच्या एका स्त्रीलाच विवाहबाह्य संबंध वगैरे आरोपांखाली सोळा महिन्यांची शिक्षा झाली. जगभर ओरड झाल्यावर तिला माफी मिळाली. पुढे कायदा बदलला. आता विवाहबाह्य संबंधांचा खटला तक्रारीशिवाय चालत नाही. पण तक्रारीचा हक्क आहे नवऱ्याला किंवा पालकाला. समलिंगी संबंधांना तर तिथे थाराच नाही. म्हणजे तिथे आपल्यावर अत्याचार झाला तरी पोलिसांकडे जाताना दहादा विचार करावा लागेल. जिथे तक्रार करायला जाणंच धोक्याचं, ती जागा बाईसाठी सुरक्षित कशी म्हणायची?

दोन बायका एका खोलीत राहिल्या तर दोन पुरुषांइतका संशय कुणी घेत नाही. 'मैत्रिणी असतील' म्हणून सोडून देतात. हे आपलं कवच आहे आणि आपली अडचणही. आजारपण आलं, अपघात झाला, की 'मैत्रीण' दवाखान्याच्या दाराबाहेर उभी राहते आणि फोन जातो गावाकडे वडिलांना. आपल्या मुली परदेशी तुरुंगाला घाबरतात, त्याहून जास्त त्या फोनला घाबरतात.

हे झालं सुरक्षिततेचं. आता ओढीबद्दल बोलू, कारण ओढ वाटते म्हणूनच माणूस घराबाहेर पडतो.

समलिंगी प्रवाशांसाठीची मार्गदर्शक पुस्तकं पाश्चात्त्य देशांत फार पूर्वीपासून निघाली. 'स्पार्टाकस' हे त्यातलं प्रसिद्ध. १९७० मध्ये ते निघालं ते पुरुषांसाठी, बार आणि क्लबांच्या पत्त्यांसाठी. बायकांच्या जागा बायकांनीच तयार केल्या. ग्रीसच्या लेस्बॉस बेटावर एरेसॉस हे कवयित्री सॅफोचं गाव. तिथल्या स्काला एरेसॉसच्या किनाऱ्यावर १९७० च्या दशकापासून देशोदेशीच्या बायका उन्हाळ्यात जमतात. 'लेस्बियन' हा शब्द आमच्या बेटाचा आहे, तो इतरांना वापरू देऊ नका, म्हणून तिथले तिघे रहिवासी २००८ मध्ये कोर्टात गेले आणि हरले. अमेरिकेत 'ऑलिव्हिया' ही बायकांची गाण्यांची कंपनी होती. तिनं १९९० मध्ये फक्त बायकांची पहिली बोटसफर काढली. ग्रीसने फेब्रुवारी २०२४ मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता दिली. पण युरोपचा व्हिसा मागायचा म्हणजे बँकेचे उतारे, नोकरीचा दाखला, रजेचं पत्र आणि तरीही नकाराची टांगती तलवार. आपल्या पासपोर्टला सगळी दारं सारखी उघडत नाहीत.

म्हणून जवळचं पाहू. नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही. मतदार ओळखपत्रही चालतं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच लैंगिक अल्पसंख्याकांच्या बाजूने निकाल दिला, २०१५ च्या राज्यघटनेत त्यांचा उल्लेख आला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये लमजुंग जिल्ह्यात पहिला समलिंगी विवाह नोंदवला गेला. थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून समलिंगी विवाहाचा कायदा लागू आहे. तिथे ट्रान्स स्त्रिया दुकानांत, हॉटेलांत काम करताना सहज दिसतात. पण त्यांना सरकारी कागदपत्रांवर लिंगाची नोंद बदलता येत नाही. डोळ्यांना दिसणं आणि हक्क मिळणं यांत अंतर असतं.

मॉरिशसमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये जुनं कलम समलिंगी पुरुषांच्या संमतीच्या संबंधांना लागू करणं घटनाबाह्य ठरवलं. तिथे पिढ्यान् पिढ्या मराठी समाज आहे, आपल्यासारखीच गणेश चतुर्थी आहे. ओढ वाटावी अशीच ही जागा. पण जिथे आपली भाषा, तिथे ओळखीपाळखी आणि चौकशाही आल्याच. काहीजणींना ते घरासारखं वाटेल, काहीजणींना नेमकं तेच नको असेल.

आणि हो, बँकॉकला जाऊन लग्न केलं तर ते इथे चालेल का, असंही विचारतात. लग्न तिथे कायदेशीर असलं तरी १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानंतर आपल्याकडे समलिंगी विवाहाला मान्यता नाही. त्या कागदावर इथे ना वारसा मिळेल, ना दवाखान्यात सहीचा हक्क. आनंदासाठी खुशाल करावं, पण ही गोष्ट माहीत असू द्यावी.

मग तोलायचं कसं? गटात बोलताना मी हे पाच प्रश्न मांडते.

१) कायदा काय म्हणतो, बायकांबद्दल काय म्हणतो, आणि तो आज तसाच आहे का? त्रिनिदादमध्ये २०१८ मध्ये कोर्टाने समलिंगी संबंधांवरचा गुन्हा रद्द केला होता. मार्च २०२५ मध्ये वरच्या कोर्टाने तो पुन्हा आणला. मागच्या वर्षीची माहिती या वर्षी धरून चालू नका.

२) तक्रार कोण करू शकतं? घरचे करू शकतात का?

३) नुसती बाई म्हणून तिथे कसं आहे? रात्रीची बस, एकटीचा रस्ता, बलात्काराची तक्रार घेणारे पोलीस. लेस्बियन असण्याआधी आपण रस्त्यावर बाई म्हणून दिसतो. ट्रान्स मैत्रिणींनी पासपोर्टवरची लिंगाची नोंद आणि आपला चेहरा यांचा मेळही पाहावा; विमानतळावर पहिला प्रश्न तिथेच येतो. वाटेत विमान कुठे बदलायचं, तो देशही हिशेबात धरावा.

४) अडचण आली तर फोन कुणाला? विम्याच्या अर्जावर अडीअडचणीला कळवायचं नाव विश्वासाच्या व्यक्तीचं लिहा. एकमेकींच्या उपचारांबद्दल निर्णय घेण्याचं अधिकारपत्र वकिलाकडून करून जवळ ठेवा. ते सगळीकडे मानतीलच असं नाही, पण हातात काही असणं चांगलं. कागदांच्या प्रती आणि भारतीय दूतावासाचा नंबर इथल्या एका मैत्रिणीकडे ठेवा. फोनमधले खाजगी फोटो जाण्यापूर्वी काढून टाका.

५) तिथल्या बायका काय म्हणतात? २००९ मध्ये अमेरिकेतल्या काही कार्यकर्त्यांनी जमैकावर बहिष्काराची हाक दिली, तेव्हा जमैकातल्याच 'जे-फ्लॅग' या संघटनेनं तिला साथ दिली नाही. जायचं की बहिष्कार घालायचा, हे लांबून परस्पर ठरवू नये. तिथल्या गटाला विचारावं, जमलं तर त्यांना भेटावं, त्यांच्या ओळखीच्या जागी उतरावं.

शेवटी आपल्या स्वतःबद्दल थोडं. 'तुझ्याच सुरक्षिततेसाठी' असं म्हणूनच बायकांना आजवर घरात ठेवलं गेलं. तेच वाक्य आता आपल्या तोंडी येऊ नये. दोघी सगळी माहिती घेऊन, जोखीम ओळखून मालदीवला जायचं म्हणाल्या, तर 'जाऊ नका' म्हणणाऱ्या आपण कोण? आपलं काम माहिती देण्याचं, आणि काही झालं तर रात्री दोन वाजताही फोन उचलण्याचं. निर्णय त्यांचा.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्या प्रत्येक गटात एक वही ठेवावी. जाऊन आलेल्या मैत्रिणींनी, नावं न लिहिता, तिथे काय अनुभव आला ते त्यात नोंदवावं. हॉटेलात दोघींना एक खोली देताना काय विचारलं, रात्री परतताना रस्ता कसा होता, डॉक्टर कसे वागले, हात धरून चालता आलं का. तारीख मात्र जरूर लिहावी. वर्षभरात अशा पंचवीस नोंदी झाल्या, तरी पुढच्या दोघींना 'कुठे जावं' हे विचारायला एक जागा होईल.