यंत्र घ्यायचं, पण कुणाच्या हिशेबानं?

(पोळीभाजी केंद्रं आणि खाद्यपदार्थ करणाऱ्या महिला गटांच्या एकदिवसीय शिबिरात केलेलं भाषण)

शिबिराच्या पत्रिकेवर माझ्या विषयाचं नाव 'लघुउद्योगातील यंत्रसामग्रीची निवड' असं छापलंय. नाव भारदस्त आहे. पण सकाळी चहाच्या वेळी तुमच्यापैकी तिघी-चौघींनी मला गाठून जे विचारलं ते अगदी सरळ होतं : "ताई, कणीक मळायचं मोठं यंत्र घ्यावं का? पैसे पाण्यात तर नाही जाणार?" मी त्याच प्रश्नाबद्दल बोलणार आहे.

मी यंत्रांची तज्ज्ञ नाही. एम.एस.डब्ल्यू. केल्यापासून गेली नऊ वर्षं गटांबरोबर काम करते. गेल्या वर्षी आमच्या एका पोळीभाजी केंद्रात हाच प्रश्न चार बैठका चालला. तिथं झालेली चर्चा आणि मांडलेला हिशेब तुमच्यापुढे ठेवते.

केंद्र आठ जणींचं आहे. रोज सहाशे पोळ्या जातात. गटाकडे सत्तर हजार रुपये साठले होते आणि त्यातून काहीतरी यंत्र घ्यावं असं सगळ्यांच्या मनात होतं. पण काय घ्यावं यावर एकमत नव्हतं. सगळ्यात धाकटीनं केकचा वर्ग केलेला, तिला स्टँड मिक्सर हवा होता. थोरल्या दोघींना कणकेचं यंत्र हवं होतं. आणि मावशी गप्प होत्या. मावशी म्हणजे पहाटे पाचला येऊन सगळी कणीक एकटीनं मळणाऱ्या. त्यांना किलोमागे मजुरी मिळायची.

आधी दोन्ही यंत्रांतला फरक समजून घेऊ, कारण दुकानदार दोन्हींना 'हेवी ड्यूटी'च म्हणतो. स्टँड मिक्सरमध्ये भांडं जागेवर राहतं आणि वरून खाली आलेलं पातं स्वतःभोवतीही फिरतं आणि भांड्याभोवतीही. फेटायला तारांचं, कालवायला सपाट आणि मळायला आकड्यासारखं, अशी तीन पाती मिळतात. क्रीम, केकचं मिश्रण, मऊ पीठ यांना ते उत्तम. पण पोळीची कणीक घट्ट. भांड्यावर जितके लिटर लिहिलेत तितक्याची कणीक त्यात कधीच मळली जात नाही. घट्ट पिठानं भांडं भरलं की मोटर तापते आणि दात्यांची चाकं झिजतात. घरगुती स्टँड मिक्सरमध्ये एका वेळी किलोभर पीठ मळलं तरी पुष्कळ झालं. कणकेचं यंत्र वेगळं असतं. त्याचं पिंप आडवं, आत जाड दांडा, वेग कमी आणि जोर जास्त. त्याला केक फेटता येत नाही, पण दहा किलो पीठ ते एका वेळी मळतं.

आपल्या स्वयंपाकाला लागणारा जोर वेगळा असतो, हे काही नवीन नाही. मुंबईच्या सत्यप्रकाश माथुर या अभियंत्यांच्या घरी परदेशी मिक्सर होता. तो बंद पडला आणि इथं दुरुस्त होईना. तेव्हा आपली भिजवलेली डाळ, ओलं खोबरं, सुके मसाले यांना टिकेल असा मिक्सर त्यांनी १९६०च्या दशकात स्वतःच करायला घेतला. तोच पुढे घराघरांत पोचलेला 'सुमीत'. यातून घ्यायचं ते एवढंच, की यंत्र किती मोठं आहे हे नंतर विचारा. आपल्या पदार्थासाठी केलेलं आहे का, हे आधी विचारा.

केक महिन्यातून पाच-सहाच जात होते. तेवढ्याला हातात धरायचा विजेचा बीटर पुरतो, हे धाकटीनंच मान्य केलं. राहिलं कणकेचं यंत्र. त्याचा हिशेब आम्ही फळ्यावर मांडला.

एक किलो पिठाची साधारण १ किलो ६०० ग्रॅम कणीक होते. पोळीला ४० ग्रॅमचा गोळा धरला, तर किलोच्या चाळीस पोळ्या. म्हणजे सहाशे पोळ्यांना पंधरा किलो पीठ. मावशी परातीत एका वेळी तीन किलो घ्यायच्या, वीस मिनिटं लागायची. असे पाच घाणे म्हणजे शंभर मिनिटं. यंत्रात दोन घाणे आणि धुणं-पुसणं धरून चाळीस मिनिटं. रोजचा एक तास वाचला. केंद्रात तासाला साठ रुपये पडतात. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर १,५६० रुपये. आम्हाला मिळालेल्या दरपत्रकात यंत्राची किंमत पंचेचाळीस हजार होती. म्हणजे पैसे फिटायला जवळजवळ अडीच वर्षं. विजेचा खर्च क्षुल्लक. एक अश्वशक्तीची मोटर तासाला पाऊण युनिट खाते, आणि ती रोज चालणार जेमतेम अर्धा तास.

दुसरी गोष्टही फळ्यावर दिसली. लाटणं-भाजणं धरून एक बाई तासाला साठ पोळ्या करते. सहाशे पोळ्यांना दहा तास लागतात. म्हणजे सगळ्यात जास्त वेळ जातो तो लाटण्यात. मळायचं यंत्र आणून एकही पोळी जास्त निघणार नव्हती.

हे पाहिल्यावर बैठकीचा सूर बदलला. एक जण म्हणाली, "कशाला पैसे घालवायचे? हात आहेत की आपले." सगळ्यांना पटलं. दुसरी बैठक तिथंच संपली.

मैत्रिणींनो, 'हात आहेत की' हे वाक्य तुम्हीही शंभर वेळा ऐकलं असेल. म्हटलं असेल. या वाक्यात हात फुकट धरलेले असतात. आणि हात फुकट धरले की जगातलं कुठलंही यंत्र महागच वाटणार.

तिसऱ्या बैठकीत मी फळ्यावर एक रकाना वाढवला. वर लिहिलं, 'शरीर'. आणि प्रत्येकीला विचारलं, कामामुळे कुठं दुखतं, आणि त्यावर वर्षभरात किती खर्च झाला? मलम, गोळ्या, मालीश, बुडालेले दिवस. सुरुवातीला हसल्या. मग बोलायला लागल्या. मनगटं, कंबर, गुडघे. सगळ्यांत शेवटी मावशी बोलल्या. त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. चार महिने झाले, वेणी सून घालते. केंद्रात कुणालाही ठाऊक नव्हतं. मी विचारलं, आधी का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, "खांद्याचं सांगितलं तर काम जाईल. आणि यंत्र आलं तरी काम जाईल. मग मी बोलू कशाला?"

खोली गप्प झाली. आपल्या केंद्राच्या वहीत पीठ, तेल, गॅस, भाडं सगळं होतं. जिच्या खांद्यावर ते सगळं उभं होतं, तो खांदा वहीत नव्हता.

मावशींची भीती मनाची नव्हती. तिला इतिहास आहे. विजेवर चालणारा स्टँड मिक्सर कुणासाठी झाला? १९०८ साली अमेरिकेत ओहायो राज्यात, होबार्ट कंपनीच्या हर्बर्ट जॉन्स्टन या अभियंत्यानं बेकरीत पीठ कालवणारा कामगार पाहिला आणि हे काम यंत्रानं व्हावं असं त्याला वाटलं. आधी बेकऱ्यांसाठी मोठी यंत्रं आली. घरासाठीचा मिक्सर १९१९ साली निघाला. बेकरीतला हात पगारी होता. तिथं वाचलेला तास मालकाच्या खिशात जायचा, म्हणून तिथल्या तासाला किंमत होती. घरातल्या हाताला पगार नव्हता, त्याचा विचार मागाहून झाला.

आपल्याकडचं जातं बघा. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, इतकी वर्षं आपल्या आज्या-पणज्या पहाटे दळत होत्या. पिठाची गिरणी आली आणि ते कष्ट सुटले. ते सुटलेच पाहिजे होते, जात्याचे गोडवे गायला मी इथं आलेली नाही. पण दळण हाताचं होतं तेव्हा ते बायकांचं काम होतं. त्याला मोटर लागली, पैसे मिळू लागले, तेव्हा पट्ट्याजवळ उभा राहिला तो बहुतेक ठिकाणी पुरुष. आपण डबा घेऊन रांगेत. मुंबईच्या कापड गिरण्यांतही बायका मुख्यतः वाइंडिंग-रिलिंग खात्यांत होत्या. तिथं सुधारणा आल्या आणि बायकांची संख्या घटत गेली. म्हणून प्रश्न यंत्र चांगलं की वाईट असा नसतो. ते आलं की चालवणार कोण, वाचलेला तास कुणाचा, आणि ज्या हातातलं काम गेलं त्या हाताचं काय, हे विचारायचं असतं.

वाचलेल्या तासाचं एक सांगते. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८३ साली एक पुस्तक लिहिलं. घरात यंत्रं आली तरी गृहिणीचे कामाचे तास फारसे कमी झाले नाहीत, कारण अपेक्षा वाढल्या, असं त्यांनी त्यात दाखवलं. आपल्याकडे सरकारनं २०२४ साली केलेली वेळेच्या वापराची पाहणी आहे. घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, आणि जे पुरुष ते करतात त्यांची ८८ मिनिटं. मिक्सर, गॅस, कुकर येऊनही हे. यंत्रानं वाचवलेला वेळ आपण ठरवून आपल्याकडे घेतला नाही, तर तो दुसरंच कुणी घेतं.

आमच्या केंद्रातही ते होणारच होतं. "यंत्र घेऊ आणि ऑर्डरी दुप्पट करू," असं एकीनं सुचवलं. फळ्याकडे बघून दुसरीनं विचारलं, "आणि लाटणार कोण?" मळणं सुटलं म्हणून पोळ्या दुप्पट केल्या, तर मावशींचा खांदा वाचेल आणि बाकी सात जणींची मनगटं जातील.

चौथ्या बैठकीत निर्णय झाला. यंत्र घ्यायचं. अडीच वर्षांनी का होईना पैसे फिटतात, पण ते मुख्य कारण नाही. मुख्य कारण मावशींचा खांदा, असं ठरावाच्या वहीत स्वच्छ लिहिलं. त्याबरोबर चार अटी घातल्या. एक, यंत्र चालवायला मावशी आणि आणखी एक जण शिकेल. दोन, मावशींची मजुरी किलोवर न ठेवता तासावर येईल आणि आधीपेक्षा कमी होणार नाही. वाचलेल्या तासात त्या सामानाची आवक-जावक बघतील. तीन, पहिलं वर्षभर ऑर्डरी वाढवायच्या नाहीत. चार, महिन्याला सहाशे रुपये दुरुस्ती आणि घसाऱ्यासाठी बाजूला काढायचे. दुसऱ्या अटीवर सगळ्यात जास्त वाद झाला. "काम कमी आणि पैसे तेवढेच?" असं एकीनं विचारलंच. मावशींना अक्षरओळख नव्हती, मग सामान कसं लिहिणार? आता त्या खुणा करतात, धाकटी लिहिते, आणि त्या अक्षरं गिरवताहेत. कुरबूर अजून पूर्ण संपलेली नाही. पण यंत्र येऊन आठ महिने झाले, आणि मावशी कामावर आहेत.

तुमचा निर्णय वेगळा असू शकतो. रोज दोनशेच पोळ्या जात असतील, तर पाच किलो पीठ दोघींनी वाटून मळावं, पैसे राखून ठेवावेत. पण घ्यायचं ठरलंच, तर काही गोष्टी पाहून घ्या. तुमच्याकडे वीज सिंगल फेज आहे की थ्री फेज, तशीच मोटर हवी. अर्थिंग तपासून घ्या, ओल्या हातांनी काम असतं. पिंपावर जाळी हवी, आणि जाळी उचलताच यंत्र थांबायला हवं. फिरत्या दांड्यात हात घालून कणीक बघायची सवय घातक आहे. पदर खोचलेला, वेणी बांधलेली, बांगड्या काढलेल्या हव्यात. पिठाला लागणारा भाग स्टेनलेस स्टीलचा आणि धुवायला सुटणारा हवा. दुरुस्ती तालुक्याच्या गावी होते की नाही, सुटे भाग कुठं मिळतात, हे कागदावर लिहून घ्या. बिल गटाच्या नावावर घ्या, कुणाच्या नवऱ्याच्या नाही. अनुदानाच्या योजना निघतात. २०२० साली सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत किमतीच्या ३५ टक्के अनुदान ठेवलं होतं. पण अशा योजनांना मुदती असतात, कर्जाची अटही असते. अनुदान मिळतंय म्हणून गरजेपेक्षा मोठं यंत्र घेऊ नका.

आणि शेवटचं. यंत्र बघायला घरच्या पुरुषांना पाठवू नका. तुम्ही जा, आणि जिच्या हातात ते काम आहे तिला बरोबर न्या. पाच किलो आपलं पीठ पिशवीत घालून न्या, दुकानदारासमोर मळून घ्या, आणि तिला तिथंच एक पोळी लाटून बघू द्या. तिनं मान हलवली तरच पैसे मोजा.