संगणकसुरक्षा : ठेका की सार्वजनिक जबाबदारी?



१६ ऑगस्ट २०१९ रोजी अमेरिकेतील टेक्सास राज्यात वीसहून अधिक स्थानिक स्वराज्य संस्थांचे संगणक एकाच वेळी ठप्प झाले. खंडणीखोरांनी दप्तर कुलूपबंद करून २५ लाख डॉलर मागितले. बोर्गर शहरात जन्ममृत्यूचे दाखले मिळेनात, नागरी सेवांची देयके भरता येईनात. यांपैकी बहुतेक संस्था लहान. स्वतःचे तंत्रज्ञ पदरी ठेवण्याची ऐपत नसल्याने अनेकींनी देखभाल एकाच खासगी ठेकेदाराकडे सोपविलेली. हल्लेखोर त्याच वाटेने आत शिरले.

त्यांना सावरले ते सार्वजनिक यंत्रणेने. राज्याच्या माहिती विभागाने सूत्रे हाती घेतली. लष्करी विभाग, पोलीस आणि विद्यापीठातील तज्ज्ञ एका योजनेखाली कामाला लागले. खंडणी दिली गेली नाही. आठवड्याभरात सर्व ठिकाणी पुनर्उभारणीचा मार्ग मोकळा झाला. बाजारपेठेचे गोडवे गाणाऱ्या राज्यालाही अखेर सामुदायिक शक्तीचाच आधार घ्यावा लागला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

परंतु समन्वय म्हणजे केंद्रीकरण नव्हे. तंत्रज्ञ, प्रशिक्षण आणि दप्तराच्या सुरक्षित प्रती राज्याने पुरवाव्यात. माहितीवरील अधिकार मात्र लोकनियुक्त स्थानिक संस्थांकडेच राहावा. अन्यथा सुरक्षेच्या नावाने पाळतीचे राज्य उभे राहील.

आज आपल्या ग्रामपंचायतींचे दाखलेही संगणकावर आले आहेत. दाखला अडला की श्रीमंताचा वेळ जातो, गरिबाचा हक्क जातो. म्हणून गावाच्या दप्तराची राखण कोण करतो आणि तो कोणाला उत्तरदायी आहे, हा प्रश्न कार्यकर्त्यांनी प्रत्येक ग्रामसभेत विचारलाच पाहिजे.