चार रंगांचा हिशेब



दोन मिनिटं दिलीत, तर मशीनबद्दलच बोलतो. दुसरं मला येत नाही.

नाक्यावर मी हातानं टी-शर्ट छापायचो. गणपती, जयंती आली की ऑर्डर आवरत नसे. म्हणून तिरुपूरला जाऊन जुनी ऑटोमॅटिक स्क्रीन प्रिंटिंग मशीन पाहिली. विकणाऱ्यानं एका रंगाचा नमुना काढून दाखवला. सुरेख! तिथंच इसार दिला. गावी आणून चार रंग लावले, तर प्रत्येक रंग केसभर सरकलेला. फिरणारी पॅलेट जिथं थांबतात तिथली बेअरिंग झिजलेली. एका रंगात हे कळतच नाही. वर कंप्रेसर, थ्री-फेज वीज. हा खर्च मी धरलाच नव्हता. हिचे दागिने गहाण पडले. बेअरिंग बदलायला मिस्त्रीसुद्धा तिरुपूरहूनच आणावा लागला.

आपल्यातले एकदोघं अशी मशीन घेणार म्हणतात. बाबांनो, आपलं चार रंगांचं डिझाइन घेऊन जा. पन्नास नग छापून घ्या, पहिला आणि पन्नासावा शेजारी ठेवा. मग पैशाचं बोला.

दागिने गेल्या दिवाळीत सोडवले. आज सगळ्यांच्या अंगावरचे टी-शर्ट त्याच मशीनचे आहेत. चित्रकलेचे सर समोरच बसलेत. सर, रंग जुळलेत का, तेवढं बघा.