मुशीतला धूर आणि माणसाचे हृदय



हृदयविकारावर व्याख्यान म्हटले की श्रोत्यांची अपेक्षा ठरलेली असते. वक्ता तंबाखूला दोष देणार, तुपातेलाला देणार आणि शेवटी रोज फिरायला जा म्हणून सांगणार. ती सारी कारणे खरी आहेत. पण आज मी त्यांवर बोलणार नाही. मी शिशाविषयी बोलणार आहे, आणि त्या विषयाला आपल्या भागाइतकी योग्य जागा क्वचितच सापडेल.

का, ते सांगतो. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. पण माण, खटाव, आटपाडी, खानापूर यांचा दुष्काळ काही त्या वाटणीत वाटला गेला नाही. पाऊस नाही, शेत पिकत नाही, म्हणून इथली माणसे गलाईच्या धंद्यासाठी बाहेर पडली. आज देशातल्या दूरदूरच्या सराफी पेठांत विट्याकडचा, आटपाडीकडचा गलाईवाला भेटतो. परमुलखात नेकीने धंदा करून त्याने गावाकडे घरे उभी केली. याचा आपल्याला अभिमान आहे, आणि तो असावाच.

आता त्याची भट्टी पाहू. चांदी शुद्ध करण्याच्या जुन्या रीतीत शिसे लागते. चांदी वितळायला ९६२ अंश उष्णता हवी. शिसे ३२७ अंशांवरच पाणी होते. हीण मिसळलेल्या चांदीत शिसे घालून राखेच्या थरावर ती तापवली, की शिसे जळते, हीण आपल्याबरोबर ओढून घेऊन राखेत मुरते आणि मागे लखलखीत चांदी उरते. मोठी सुंदर क्रिया आहे. पण सगळेच शिसे राखेत मुरत नाही. काही धुराबरोबर वर जाते आणि भट्टीवर वाकलेल्या माणसाच्या छातीत उतरते.

शरीर शिशाला ओळखत नाही. ते त्याला कॅल्शियम समजते आणि हाडांत साठवून ठेवते. रक्तातले शिसे महिन्याभरात निम्मे होते, पण हाडांतले पंचवीस-तीस वर्षे ठाण मांडून बसते आणि थोडे थोडे रक्तात झिरपत राहते. म्हातारपणी हाडे झिजू लागली की हे झिरपणे वाढते. रक्तवाहिन्यांचा लवचिकपणा त्याने कमी होतो, मूत्रपिंडे बिघडतात, रक्तदाब चढतो. एके दिवशी झटका येतो, आणि घरचे म्हणतात, “काळजी फार करायचे हो!” त्या काळजीच्या नावावर किती पापे खपतात, देव जाणे.

कऱ्हाडच्या कृष्णा वैद्यकीय संस्थेतील संशोधकांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या बॅटरी-कारखान्यांतील आणि चांदीच्या दागिन्यांच्या धंद्यातील कामगारांचे रक्त तपासले. २००६-०७च्या सुमारास ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शंभर मिलिलिटर रक्तात शिशाचे प्रमाण पन्नास मायक्रोग्रॅमच्या आसपास निघाले. तुलनेसाठी घेतलेल्या, शिशाशी संबंध नसलेल्या माणसांत ते बाराच्या आसपास होते. म्हणजे कामगारांत चौपट, असे म्हणून आपण पुढे जातो. माझे म्हणणे असे की, त्या बारापाशीच थांबावे.

कारण २०१८ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. चौदा हजारांवर प्रौढांचा वीसेक वर्षे मागोवा घेतलेला होता. ज्यांच्या रक्तात शिसे एकच्या आसपास होते, त्यांच्याशी तुलना करता पावणेसातच्या आसपास असलेल्यांत हृदयविकाराने व रक्तवाहिन्यांच्या विकाराने मरण्याचे प्रमाण सत्तर टक्क्यांनी अधिक आढळले. आणि आपली ‘निरोगी’ म्हणून निवडलेली माणसे बारावर! शिशाच्या पेट्रोलचा धूर तेव्हा नुकताच थांबला होता. १ फेब्रुवारी २००० पासून ते देशात बंद झाले. आज आकडा उतरलाही असेल. पण मोजल्यावाचून कळणार कसे?

२०१९ या एका वर्षात जगभर शिशामुळे ५५ लाख प्रौढ हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने दगावले, असा जागतिक बँकेच्या तज्ज्ञांचा २०२३ सालचा अंदाज आहे, आणि त्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक आपल्यासारख्या गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. जागतिक आरोग्य संघटना २०२१ सालासाठी १५ लाख म्हणते. हिशेबाच्या रीती निराळ्या आहेत. पण लहान आकडा धरला तरी झोप उडावी असाच आहे.

शिसे स्वयंपाकघरातूनही येते. हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून काही ठिकाणी शिशाचा क्रोमेट रंग चोळतात. सांगलीच्या पेठेने हे वाकडे घेऊ नये. मी बांगलादेशाचे उदाहरण देतो. तिथे २०१९ साली बाजारातल्या हळदीच्या नमुन्यांत जवळजवळ निम्मे भेसळीचे निघाले. सरकारने धाडी घातल्या, दंड केले, लोकांना सांगितले. २०२१ साली तपासलेल्या नमुन्यांत एकही तसा सापडला नाही. दोन वर्षांत!

एकदा अंगात गेलेले शिसे मागाहून काढून टाकू, या भरवशावर मात्र कोणी राहू नये. झटका येऊन गेलेल्या सुमारे एक हजार मधुमेही रोग्यांवर अमेरिका-कॅनडात तोही प्रयोग झाला. शिरेतून औषध दिले, रक्तातले शिसे निम्म्याहून अधिक उतरले. पण २०२४ साली निकाल आला तेव्हा हृदयविकाराचे प्रमाण काही कमी झालेले दिसले नाही.

तेव्हा करायचे ते भट्टीपाशीच करायला हवे. धूर ओढून बाहेर टाकणारा पंखा आणि धुराडे हवे. बाहेर म्हणजे शेजाऱ्याच्या खिडकीत नव्हे. भट्टीच्या खोलीत भाकरी खाऊ नये, विडी ओढू नये. कामाचे कपडे घरी आणून पोरांच्या कपड्यांत धुवायला टाकू नयेत. वर्षातून एकदा रक्तातले शिसे तपासावे. आणि आमच्या डॉक्टरमंडळींना एक विनंती. इटलीतल्या रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने तीनशे वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे की, रोग्याला इतर प्रश्नांबरोबर ‘तू काम काय करतोस?’ हेही विचारावे. आपल्याकडे त्यात थोडी भर घालावी लागेल. तीस वर्षे कोइमतूरला किंवा अमृतसरला भट्टीवर काढून गावी परतलेला गृहस्थ कागदावर ‘शेती’ असे लिहितो. त्याचा रक्तदाब मोजताना विचारा, “काका, आधी कुठे होतात?”